नॉमिनेशन आलं म्हणजे व्हिसा आला का?

आज मसाल्याच्या ऑर्डरी, पॅकिंग, प्रदर्शनातला स्टॉल यांतलं काही नाही. विषय कर्जाचाच आहे, पण त्याची वाट यावेळी थेट ऑस्ट्रेलियातून जाते.

झालं असं. आमच्या मुकुंदवाडीकडच्या एका गटाची महिन्याची बैठक होती. बारा जणींचा गट, महिना दोनशे रुपये बचत. पापड-शेवयांच्या यंत्रासाठी बँकेनं तीन लाखांचं कर्ज नुकतंच मंजूर केलेलं. हप्ते घेऊन झाले, मागणीची वेळ आली, तेव्हा एका मावशींनी पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढून सतरंजीवर ठेवलं. म्हणाल्या, "मला दीड लाख पाहिजेत. यंत्र पुढच्या साली घेऊ."

कशाला, तर मुलगा वाळूजला कंपनीत आहे, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, वय एकोणतीस. शहरातल्या एका एजंटनं त्याला सांगितलं होतं की ऑस्ट्रेलियातल्या एका राज्याचं नॉमिनेशन काढून देतो, एकूण साडेतीन लाख. चाळीस हजार आधीच दिलेले. "आता नॉमिनेशन आलंय ताई, कागद आहे बघा. तिथल्या सरकारनंच नाव काढलं म्हणल्यावर व्हिसा कोण अडवतंय?"

शेजारच्या काकू म्हणाल्या, "नॉमिनेशन म्हंजे बँकेच्या पासबुकात लावतो ते का गं? वारसाचं?" सगळ्या हसल्या, पण खरं सांगायचं तर आम्हा समन्वयकांपैकीही कुणाला नीट उत्तर देता आलं नाही. ती मागणी आम्ही पुढच्या बैठकीवर ढकलली आणि मधल्या महिन्यात माहिती काढली. त्या देशाची सरकारी संकेतस्थळं आमच्या एका कार्यकर्तीच्या मुलीबरोबर बसून वाचली, परदेशी गेलेल्या दोघा-तिघांशी फोनवर बोललो. जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं, कारण असं फोल्डर आता घरोघरी दिसायला लागलंय.

आधी नॉमिनेशन म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे घरकुलाच्या यादीत नाव येतं ना, तसंच हे समजा. ग्रामसभा नाव सुचवते. पण मंजुरी वरून येते, हप्ता वरून पडतो, आणि मध्ये कागदात खोट निघाली तर यादीतलं नाव कापलंही जातं. यादीत नाव आल्याबरोबर कुणी विटा आणून टाकत नाही. परदेशी व्हिसाचंही तसंच. ऑस्ट्रेलियात सहा राज्यं आणि दोन प्रदेश आहेत. व्हिसा देतं ते केंद्र सरकारचं गृह खातं. राज्यानं फक्त म्हणायचं, की हा फिटर, ही नर्स, हा शिक्षक आमच्याकडे हवा आहे. या म्हणण्याला नॉमिनेशन म्हणतात. शिफारस हा आपला शब्द त्याला बरोबर बसतो.

राज्यं शिफारस का करतात? कारण बाहेरून येणारा माणूस सिडनी नाहीतर मेलबर्न गाठतो, आणि लहान गावांतल्या दवाखान्यांना, गॅरेजांना, शाळांना माणूस मिळत नाही. कॅनडालाही हीच अडचण होती. तिथं मॅनिटोबा या थंड प्रांतानं १९९८ साली स्वतः माणसं निवडायला सुरुवात केली, मग बाकीच्या प्रांतांनीही तोच मार्ग धरला. म्हणजे राज्याची शिफारस हे बक्षीस नाही. त्यांना त्यांच्या गावात माणूस राहायला हवा असतो, आणि म्हणून शिफारशीबरोबर राहण्याची अट येते.

ऑस्ट्रेलियात अशा शिफारशीचे मुख्य दोन व्हिसा आहेत, त्यांना नंबरानंच ओळखतात. १९० नंबरचा व्हिसा कायमचा असतो. ४९१ नंबरचा २०१९ च्या नोव्हेंबरपासून सुरू झाला. तो पाच वर्षांचा, आणि राहायचं, काम करायचं, शिकायचं ते सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन ही मोठी शहरं सोडून. तीन वर्षं तसं राहून, कर भरून दाखवलं की मग कायमच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. मावशींच्या मुलाला एजंटनं सांगितलं होतं, "आधी उतरून घे, मग मेलबर्नला मित्राकडे जा." तसं चालत नाही.

आता त्या फोल्डरकडे येऊ. आतला कागद आम्ही नीट वाचला तेव्हा पोटात गोळा आला. ते नॉमिनेशन नव्हतंच. ती होती इच्छा नोंदवल्याची पोच. या प्रवासात तीन कागद येतात आणि तिन्हींवर सरकारी नाव, नंबर, तारीख असते, म्हणून घरच्यांना सगळे सारखेच वाटतात. पहिला कागद, मी यायला इच्छुक आहे अशी नोंद. ती सरकारी संकेतस्थळावर आपली आपण करायची असते आणि तिला एक पैसाही लागत नाही. दुसरा, राज्यानं निवडल्याचा आणि त्यावरून केंद्राकडून आलेल्या आमंत्रणाचा. ते आलं की व्हिसाचा खरा अर्ज करायला साठ दिवस मिळतात. तिसरा, व्हिसा. पहिल्या कागदावर दुसरा येईलच असं नाही. ती नोंद दोन वर्षं यंत्रात पडून राहते आणि मुदत संपली की आपोआप निघून जाते. राज्यांना दरवर्षी केंद्राकडून ठरावीक जागा मिळतात, त्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, आणि कुणाला निवडायचं ते राज्य स्वतःच्या गरजेप्रमाणे ठरवतं. म्हणून "हमखास काढून देतो" असं कुणी म्हणालं की तिथंच कान टवकारायचे. चाळीस हजार रुपये मावशींनी दिले होते ते फुकट होणाऱ्या नोंदीचे.

मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण त्याच्यावर मार्क लिहिलेत की. ऐंशी!"

ही मार्कांची गोष्ट बैठकीत सगळ्यांना फार आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पात्र व्हायला कमीत कमी ६५ गुण लागतात, आणि चुरस असल्यामुळे बोलावणं बहुतेक वेळा त्याहून वरच्यांना येतं. वयाला गुण आहेत: २५ ते ३२ वर्षांच्या माणसाला सर्वांत जास्त, ३०. पुढे ते उतरत जातात आणि पंचेचाळिशीनंतर दार बंद. डिप्लोमा तिथल्या संस्थेनं मान्य केला तर १०, पदवीला १५. परदेशातल्या, म्हणजे आपल्या इथल्या कामाच्या अनुभवाला तीन वर्षांपासून ५, पाच वर्षांपासून १०, आठ वर्षांच्या पुढे १५. इंग्रजीच्या परीक्षेत नुसते पास झाल्यास शून्य, बरं आलं तर १०, उत्तम आलं तर २०. राज्याची शिफारस आली तर १९० च्या व्हिसाला ५ आणि ४९१ ला १५ गुण वाढतात.

मुलाचा हिशेब आम्ही वहीच्या मागच्या पानावर केला. वयाचे ३०, डिप्लोमाचे १०, अनुभवाचे, सिद्ध होईल तेवढ्याचे, ५. इंग्रजीची परीक्षा त्यानं अजून दिलीच नव्हती, बरी जाईल असं धरून १०. झाले पंचावन्न. पाचची शिफारस जोडून साठ, म्हणजे नापास. पंधराची जोडली तर सत्तर, म्हणजे लहान गावाचा रस्ताच त्याला उघडा. मग एजंटच्या कागदावर ऐंशी कुठून आले? अनुभव आठ वर्षांहून जास्त लिहिला होता आणि न दिलेल्या परीक्षेत उत्तम गुण भरले होते.

आणि एक गंमत ऐका. लग्न झालेल्या अर्जदाराच्या जोडीदाराचं इंग्रजी ठरलेल्या पातळीचं असेल तर पाच गुण जास्त मिळतात, आणि तिचं शिक्षण व कामही त्यांच्या यादीत बसत असेल तर दहा. एकट्या माणसालाही दहाच मिळतात. मावशींची सून बीए आहे, लग्नाआधी कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. फोल्डरमध्ये तिचं नुसतं नाव होतं, 'अवलंबून' या रकान्यात. तिच्या परीक्षेचं कुणी काढलंच नव्हतं. तिनं परीक्षा दिली तर घराचे गुण साठ होतात, आणि पाचच्या शिफारशीवरही पासष्टला टेकतात. उलट जोडीदाराला किमान इंग्रजीही दाखवता आलं नाही तर व्हिसाच्या वेळी वेगळी, चांगली घसघशीत फी भरावी लागते. सून बाजूला बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली, बोलली मात्र काही नाही.

आता अनुभवाचं. हे दुखणं आपल्या शहराचं आहे. मुलगा सहा वर्षांपासून वाळूजमध्ये राबतोय. पण पहिली अडीच-तीन वर्षं ठेकेदाराच्या नावावर. हजेरी कंपनीत, पगार ठेकेदाराकडून, तोही काही महिने रोखीनं. ओळखपत्रावर लिहिलंय 'हेल्पर', काम करतो मशीन सेटिंगचं. मध्ये ठेकेदार बदलला तेव्हा चार महिने भविष्य निर्वाह निधी भरलाच नाही. चिकलठाणा, शेंद्रा, वाळूज, कुठंही जा, निम्म्याहून जास्त घरांत हीच कहाणी ऐकू येते. पण परदेशातली तपासणारी संस्था हात किती कळकट झालेत ते बघत नाही. ती विचारते नेमणूक पत्र, पगाराच्या पावत्या, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, पीएफचं पासबुक, फॉर्म १६, आणि नेमकं काय काम केलं ते सांगणारं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र. काही व्यवसायांना तर प्रत्यक्ष कामाची परीक्षा आणि मुलाखतही असते. या तपासणीला कौशल्य मूल्यांकन म्हणतात, आणि ते शिफारशीच्या आधी करायचं असतं. ते झालं नसेल तर पुढचं सगळं हवेत.

तुमची मुलं परदेशी जावोत न जावोत, पण कंपनीत लागल्याच्या पहिल्या महिन्यापासून पगाराची प्रत्येक पावती जपून ठेवायला सांगा. पीएफच्या पासबुकात वर्षातून दोनदा डोकवा. ठेका बदलताना जुन्या ठेकेदाराकडून अनुभवाचं पत्र घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू देऊ नका. दहा वर्षांनी तो ठेकेदार कुठं सापडायचा?

कागद नसतात म्हणून एजंट म्हणतो, "मी बनवून देतो." इथं मात्र आम्ही मावशींना स्पष्ट सांगितलं. खोटा कागद किंवा खोटी माहिती सापडली तर ऑस्ट्रेलिया अर्ज तर फेटाळतंच, वर तीन वर्षांसाठी बहुतेक व्हिसांचे दरवाजे बंद होऊ शकतात. एजंटचं नाव कुठंच नसतं. सही मुलाची असते. ऐंशी गुणांची ती नोंद मुलाच्या नावावर होती आणि तिचा पासवर्ड एजंटकडे होता.

इथपर्यंत आल्यावर एकीनं विचारलं, "मग आपल्या सरकारनं जर्मनीसोबत करार केलाय, तेही असंच का?" प्रश्न बरोबर होता, कारण त्याच गटातल्या एका ताईंच्या मुलीनं तिथं नाव नोंदवलं होतं. जीएनएम झालेली, जालना रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करते.

तर हे उलट बाजूनं बघायचं. ऑस्ट्रेलियात माणूस घेणारं राज्य शिफारस करतं. इथं माणूस पाठवणारं राज्य, म्हणजे आपलं महाराष्ट्र शासन, पुढं झालं आहे. जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य मोटारींच्या कारखान्यांचं, राजधानी श्टुटगार्ट. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, तेव्हा ओळख जुनीच. त्या राज्याशी महाराष्ट्रानं २०२४ च्या फेब्रुवारीत कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि जुलैमध्ये शासन निर्णय निघाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांचं उद्दिष्ट. यादीत नर्स, दवाखान्यातले सहायक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, गवंडी, मेकॅनिक, स्वयंपाकी, ड्रायव्हर असे कितीतरी व्यवसाय. काम शालेय शिक्षण विभागाकडे दिलं, आणि जर्मन भाषेच्या शिकवणीचा खर्च शासनानं उचलायचा असं ठरलं.

ही चांगली गोष्ट आहे. पण महाराष्ट्र शासन जर्मनीचा व्हिसा देऊ शकत नाही. खरं तर आपल्या राज्यघटनेत परदेशगमन, पासपोर्ट, व्हिसा हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत, राज्याकडे नाहीतच. राज्य काय करू शकतं? भाषा शिकवू शकतं, कामाचं प्रशिक्षण देऊ शकतं, तिकडच्या मालकाशी गाठ घालून देऊ शकतं. मालकानं निवड केली पाहिजे, शिक्षणाला तिथली मान्यता मिळाली पाहिजे, आणि शेवटी जर्मन वकिलातीनं शिक्का मारला पाहिजे. म्हणून "सरकारी योजनेत नाव आहे" एवढ्यावर कुणी सोनं गहाण टाकू नये किंवा असलेली नोकरी सोडू नये.

नर्सच्या बाबतीत खरा डोंगर भाषेचा. जर्मनच्या पायऱ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात. साधारण बी-१ झाल्यावर जाता येतं, पण पूर्ण नर्स म्हणून परवाना मिळायला बी-२ लागतं. शिवाय आपल्या अभ्यासक्रमात त्यांच्या मानानं जे कमी असेल ते एखादा पूरक कोर्स करून किंवा परीक्षा देऊन भरून काढावं लागतं, आणि तोवर मदतनीस म्हणून काम, पगारही त्याच हिशेबानं. ताईंच्या मुलीनं आम्हाला हे हसत हसत सांगितलं. रात्रपाळीत पेशंट झोपले की ती मोबाइलवर शब्द पाठ करते. एका कोचिंगवाल्यानं तिला "तीन महिन्यांत बी-२" असं सांगून पन्नास हजार मागितले होते. तिनं त्याला एक जर्मन वाक्य बोलून दाखवायला लावलं, आणि ती उठून आली.

केरळचं उदाहरण इथं बघण्यासारखं आहे. त्यांच्याकडे परदेशी नोकरी लावून देणारी राज्याची महामंडळं कित्येक वर्षांपासून आहेत, आणि नर्सना जर्मनीला पाठवण्याचा कार्यक्रम सरकारी संस्थांमार्फत चालतो. तिथं खर्चाचा मोठा भार जर्मन मालक उचलतो, नर्स नाही. पैसा कोण देतंय, ते आधी बघायचं. माणसाची गरज ज्याला आहे त्यानं खर्च केला तर सौदा बरोबरीचा असतो.

कागदपत्रांतली नावं हा आपल्या बायकांचा जुना त्रास, तो इथं दुप्पट होतो. दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. त्यात आपल्या शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं. जन्मदाखल्यावर औरंगाबाद, नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर. १९९४ च्या आधी पदवी घेतलेल्यांच्या सनदेवर नुसतंच मराठवाडा विद्यापीठ. जर्मन कारकुनाला हे कुठून ठाऊक असणार! विवाह नोंदणीचा दाखला, नावबदलाचं राजपत्र, हे आधीच काढून ठेवलेलं बरं.

एजंटबद्दल दोन शब्द. परदेशात नोकरी लावून देणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची नोंदणी लागते, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणी असलेल्यांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बघायला मिळते. पण "मी नोकरी लावत नाही, फक्त व्हिसाचा सल्ला देतो" असं म्हणणारे या जाळ्यातून सुटतात, आणि आपल्या शहरात पाट्या त्यांच्याच जास्त. ऑस्ट्रेलियात असा सल्ला देणाऱ्यांना तिथला सात अंकी नोंदणी क्रमांक असतो. भारतात बसलेल्याला तो सक्तीचा नाही, तरी विचारायचा आणि मिळाला तर संकेतस्थळावर ताडून बघायचा. व्हिसाची फी चार हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, म्हणजे आपले दोन-अडीच लाखांहून जास्त, ती आमंत्रण आल्यावर थेट तिथल्या सरकारला भरायची असते. राज्यांपैकी काही शिफारशीच्या अर्जाला फी घेतात, काही घेत नाहीत. घेतली तरी पावती त्या राज्याची येते, एजंटची नाही.

पुढच्या बैठकीत मावशींची मागणी पुन्हा आली. दोन तास चर्चा झाली, एकदा तर आवाजही चढले. "माझ्या पोराचं नशीब तुम्ही अडवताय," असं मावशी म्हणाल्या, आणि ते ऐकताना आम्हालाही वाईट वाटलं. पण बँकेचा हप्ता चुकला तर बँक एकट्या मावशींना नाही, बारा जणींना विचारणार. शेवटी ठरलं ते असं: यंत्राच्या पैशाला हात लावायचा नाही. बचतीतून अंतर्गत कर्ज म्हणून वीस हजार द्यायचे, ते मुलाच्या आणि सुनेच्या इंग्रजी परीक्षेच्या फीसाठी, फी भरल्याची पावती गटाला दाखवायची. परीक्षेचा निकाल आल्यावर कौशल्य मूल्यांकनाच्या फीचं बघू. एजंटला यापुढे काही नाही.

मुलानं एजंटकडून पासवर्ड मागून घेतला, द्यायला त्यानं आठ दिवस लावले. ऐंशी गुणांची ती नोंद मुलानं स्वतः काढून टाकली. चाळीस हजारांसाठी ग्राहक तक्रार करायची का, यावर घरात अजून एकमत नाही. मावशींचे यजमान म्हणतात, गेले ते गेले. जुना ठेकेदार गंगापूरला आहे असं कळलंय, येत्या रविवारी मुलगा अनुभवाचं पत्र आणायला जाणार आहे. सून मात्र संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की गच्चीवर बसून इंग्रजी बातम्या ऐकते, आणि मागच्या बैठकीला गटाचा ठरावही तिनंच लिहून दिला.